रडणाऱ्याला गप्प करू नका

4 एप्रिल 2025 ला सकाळी वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेतातल्या कामाला निघाल्या. नांदेडजवळ आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात जणी गेल्या, तिघं वाचली. मुख्यमंत्र्यांनी प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांची आणि पंतप्रधानांनी दोन लाखांची मदत जाहीर केली. मदत हवीच होती. पण अशा घरांना पुढची दोन-चार वर्षं जे लागतं, त्यातलं बरंचसं सरकार देऊ शकत नाही. ते शेजाऱ्यानं, भावकीनं, गावानं द्यायचं असतं.

पहिले दिवस आपण चांगले सांभाळतो. शेजारीण कडू घास घेऊन येते, भावकी राख सावडायला उभी राहते, दहाव्याला पाहुणे जमतात. पुढं काय करायचं, हे त्या घरातल्या कुणाला सुचावं लागत नाही. शहाणी रीत आहे ही. घोळ होतो तो तेरवीनंतर. पाहुणे गेले की गाव धरून चालतं, आता या घरानं सावरायला पाहिजे. दोन महिन्यांनी त्या घरातली बाई निंदताना बांधावर बसून रडली, तर सोबतिणी म्हणतात, “अजून रडतीस का बाई?” हो, अजून. पहिल्या पोळ्याला रडेल, पहिल्या दिवाळीला रडेल, आणि मधे कधी महिनाभर हसेलही. दुःख असंच उलटसुलट चालतं. ती हसली म्हणून विसरली, असं कुणी समजू नये.

भेटायला गेलात तर “देवाची मर्जी”, “सुटला बिचारा”, “लेकरांकडं बघून घट्ट हो” ही वाक्यं घरीच ठेवून जा. “काय बोलावं कळंना, बसायला आलोय,” एवढं पुरतं. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. नाव काढलं की दुःख उकरलं जातं, ही आपली समजूत आहे. घरच्यांना उलट वाटत असतं की गाव विसरलं.

ज्यांना रडणं म्हणजे कच्चेपणा वाटतो, विशेषतः पुरुषांना, त्यांनी आपल्याच हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीची आठवण ठेवावी. नामदेव महाराजांचं हे गाव. देह नाशवंत आहे हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. औंढ्याला विसोबा खेचरांनी त्यांना दिलेल्या उपदेशाची कथा आपण कीर्तनात ऐकतोच. तरीही 1296 मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली, त्या प्रसंगाचे जे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत, त्यांत नामदेव धाय मोकलून रडतात. वारकऱ्यांनी ते रडणं झाकलं नाही, आजवर गात आले. मग बायको गेलेल्या माणसाला आपण “गडी माणूस हाईस, रडतोस काय” म्हणून गप्प का करतो? तो गप्प बसतो आणि संध्याकाळी बाटली जवळ करतो. आणि तेरवीचं जेवण उरकायच्या आत त्याच्यासाठी दुसरी बायको शोधू नका, तेवढं पाळा.

शेतकऱ्यानं आत्महत्या केलेल्या घराचं दुखणं आणखी वेगळं. प्रकरण मदतीला पात्र की अपात्र, हे सरकारी समिती ठरवते. पात्र ठरलं तर एक लाखाची मदत. तोवर पंचनाम्यापासून पाहुण्यांपर्यंत जो तो बायकोला विचारतो, “घरात काही भांडण झालं होतं का?” तिच्या मनात हाच प्रश्न दिवसरात्र चालू असतो, तुम्ही त्यात भर घालू नका. पोलिसांना विचारावं लागतं, आपल्याला नाही.

आता एक कडू गोष्ट. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, हिंगोलीचा हळद बाजार नावाजलेला आहे. ही हळद काढणाऱ्या, निवडणाऱ्या, शिजवून झाल्यावर उन्हात पसरणाऱ्या बहुतेक बायाच. हंगामभर त्यांची नखं पिवळी असतात. त्यातलीच एखादी विधवा झाली की संक्रांतीला तिच्या कपाळाला हळदीचं बोट लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची, जोडवी काढण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. आधीच कोसळलेल्या बाईला ओढून तिच्या बांगड्या फोडणं याला मी रीत म्हणणार नाही, तो छळ आहे. तुमच्या गावात ठराव झाला नसेल तर ग्रामसभेत मांडा. झाला असेल तर पुढच्या संक्रांतीला तिला बोलावणं धाडा.

“काही लागलं तर सांग” असं म्हणून निघू नका. सांगत कुणीच नाही. काम धरा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, वारस फेरफारासाठी तलाठ्याकडे अर्ज द्यायचा असतो. नवरा गेलेल्या बाईसोबत जा आणि सातबाऱ्यावर तिचंही नाव लागतंय ना, ते बघा. दिराच्या भरवशावर सोडू नका. व्याजानं पैसे काढून तेरवीच्या पंगती उठवणार असाल तर भावकीतल्या वडीलधाऱ्यांनीच नको म्हणावं. लेकरांना “आई गावाला गेली” सांगू नका. ती वाट बघत बसतात.

दुःख हा आजार नव्हे. पण सहा महिने, वर्ष लोटलं तरी माणूस जेवत नाही, झोपत नाही, कामाला हात लावत नाही, तर त्याला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. “मला पण ने रे देवा” हे वरचेवर ऐकू आलं तर थांबू नका. जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनातलं बोलायला वाट मिळते. त्याला एकटं ठेवू नका, आणि फवारणीचं औषध घरातून त्याच दिवशी हलवा. टेली मानसचा नंबर 14416. तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. माणूस स्वतः फोन करत नसेल तर त्याच्याजवळ बसून तुम्ही लावा.