पुळणीचा हिशेब

समुद्रस्नानासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते, हे प्रथम ऐकले तेव्हा हसू आले होते. कोकणात बालपण गेलेल्या माणसाला समुद्र ही विनापरवाना गोष्ट वाटते. परंतु २०२३ च्या जूनमध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावर, स्तिंतिनो गावच्या ‘ला पेलोसा’ या पुळणीवर पत्नीने व मी माणशी साडेतीन युरो भरले, मनगटाला पट्टी बांधून घेतली आणि मगच वाळूत पाऊल टाकले.

पाणी अपूर्व होते. बरेच आत गेलो तरी ते कमरेच्या वर येईना. तळाची पांढरी वाळू आणि आपलीच पावले स्पष्ट दिसत होती. समोर सोळाव्या शतकातला टेहळणी बुरूज. दूरवर आसिनारा बेट, जिथला तुरुंग बंद होऊन १९९७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक नगण्य, त्यामुळे आपल्यासारखी पाण्याची वेळ पाहावी लागत नाही. इतक्या निर्धास्तपणे मी कित्येक वर्षांत पोहलो नव्हतो.

तरीही लक्ष पुनःपुन्हा नियमांकडे जात होते. हा नोकरीचा दोष. दिवसाला दीड हजार माणसे, अधिक नाहीत. गावाची वस्तीही साधारण तेवढीच. टॉवेलाखाली चटई सक्तीची, कारण ओल्या टॉवेलाला चिकटून वाळू घरोघरी जाते. सार्डिनियाच्या अनेक किनाऱ्यांवर पोसिडोनिया या सागरी वनस्पतीच्या वाळक्या पानांचे तपकिरी ढीग दिसतात. आपल्याकडचा अधिकारी ते पाहताच ट्रॅक्टर मागवील (मीही मागवला असता). पण तेच ढीग लाटांचा मार स्वतःवर घेतात आणि वाळू धरून ठेवतात.

पूर्व किनाऱ्यावरील एका जिल्ह्यात असताना दोन विद्यार्थी बुडाले. दुसऱ्याच दिवशी मी आदेश काढला : ‘पोहण्यास सक्त मनाई’. फलक लागला, फाइल बंद झाली. लोक फलकाला कपडे अडकवून पाण्यात उतरत राहिले. जीवरक्षकांचा प्रस्ताव मात्र तीन कार्यालयांत फिरून निधीअभावी परत आला. मनाईला खर्च येत नाही, म्हणूनच ती आपल्याला प्रिय आहे. ती लिहिणाऱ्याचे रक्षण करते, पोहणाऱ्याचे नव्हे.

मनाई नेहमीच चूक असते असे नाही. याच बेटाच्या उत्तरेस बुदेल्ली येथील गुलाबी पुळण १९९० च्या दशकापासून पर्यटकांना बंद आहे, आणि ते योग्यच आहे. तिथला रंगच लोक उचलून नेत होते. पण बाकी ठिकाणी आकडा ठरवणे, तो रोज मोजणे आणि दीड हजार एकाव्या माणसाला नम्रपणे परत पाठवणे, हे काम मनाईपेक्षा कितीतरी अवघड आहे. समुद्र सर्वांचा, मग शिधावाटप कशाला, असा आक्षेप येईल. साडेतीन युरो ही रक्कम तिथल्या मानाने किरकोळ आहे. रांग ऐपतीने नव्हे, नोंदणीने लागते. त्यात मला अन्याय दिसला नाही.

निघताना पत्नीने बूट काढून उलटे झटकले. २०१७ च्या प्रादेशिक कायद्यानुसार तिथली वाळू नेणाऱ्यास पाचशे ते तीन हजार युरो दंड आहे. माझ्या खिशातही चिमूटभर निघाली. ती मी तिथेच टाकली.