‘प्रादेशिक’ कोणास म्हणावे?

कोकणी वा मराठी चित्रपटाची गोष्ट निघाली की आमच्यातील सुशिक्षित मंडळी एक निवाडा देऊन मोकळी होतात : हिंदी चित्रपट तेवढा राष्ट्रीय, बाकीचे सारे प्रादेशिक, आणि प्रादेशिक म्हणजे दुय्यम. या निवाड्यावर आम्हांस अपील करावयाचे आहे.

प्रथम कायदा पाहू. भारताच्या संविधानात ‘राष्ट्रभाषा’ हा शब्दच नाही. ३४३ व्या अनुच्छेदाने हिंदीस संघराज्याची राजभाषा केले ते कारभारापुरते. आठव्या अनुसूचीत मराठी आरंभापासून आहे, कोकणी १९९२ साली आली, आणि हिंदीही त्याच पंक्तीस बसलेली आहे.

आता पुरावा. सरकारने चित्रपटांस राष्ट्रीय पारितोषिके देण्यास १९५४ साली प्रारंभ केला, तेव्हा राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी बोलपटास लाभले. कोकणातील एका गरीब घरची माउली साऱ्या देशास आपली वाटली; त्यासाठी तिला आपली बोली टाकावी लागली नाही. पणजीस २००४ पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात आम्ही इराणी चित्रपट डोक्यावर घेतो. त्यास प्रादेशिक म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. मग घरच्याच भाषेवर हा शिक्का का?

कोणी म्हणतील, कोकणी चित्रपट ही तियात्रवाल्या ख्रिस्ती बांधवांची निर्मिती. आम्हां देवळांच्या लोकांचा तिच्याशी संबंध काय? हा युक्तिवाद आम्हांस लाजिरवाणा वाटतो. १९५० साली, पोर्तुगीज अमलात, जेरी ब्रागांझा यांनी ‘मोगाचो आंवडो’ हा पहिला कोकणी बोलपट काढला. तेव्हा कोकणीस ना कचेरीत मान होता, ना शाळेत. भाषा दोघांची असता धाडस एकानेच करावयाचे आणि दुसऱ्याने ते परके ठरवावयाचे, हा कोणता न्याय? शिवाय २००९ सालचा ‘पालतडचो मनीस’ महाबळेश्वर सैल यांच्या कथेवरून लक्ष्मीकांत शेटगावकर यांनी काढला आणि टोरांटोस समीक्षकांचे पारितोषिक मिळविले. एका वेड्या बाईस आसरा देणारा वनरक्षक आणि त्याकडे वाकड्या नजरेने पाहणारा गाव, असे त्याचे कथानक. ते गाव आम्ही ओळखतो. त्यात आम्हीही राहतो. आमची खरी अडचण बहुधा हीच आहे. मुंबईचा चित्रपट आम्हांस काही विचारीत नाही. आमच्या बोलीतला विचारतो.

देवळांनी कलेकडे पाठ फिरविली, असे तर कधी घडले नाही. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे. जत्रेच्या रात्री सभामंडपात नाटक व्हावे म्हणून आमच्या वाडवडिलांनी वर्गणी काढली आणि पहाटेपर्यंत जागरण केले. तेच महाजन आज कोकणी वा मराठी चित्रपटाचे तिकीट काढताना हात आखडतात, आणि वर ‘आपल्याकडे चांगले चित्रपट निघत नाहीत’ अशी तक्रार करतात!

म्हणून आमची देवस्थान समित्यांस विनंती आहे : वर्षातून एकदा, जत्रेच्या नाटकाबरोबर, निर्मात्यास त्याचे योग्य मोल देऊन, एक कोकणी आणि एक मराठी चित्रपट आपल्या सभागृहात लावावा, आणि शेजारच्या ख्रिस्ती वाड्यासही त्याचे आमंत्रण धाडावे.