जलसमाधी आणि जिज्ञासा

५ जून १९१६ रोजी रात्री, भर वादळात, स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांजवळ ‘हॅम्पशायर’ ही ब्रिटिश युद्धनौका जर्मन पाणबुडीने पेरलेल्या सुरुंगावर आदळली आणि पाव तासात तळाशी गेली. रशियाकडे निघालेल्या या नौकेवर ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनेर होते. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले आणि ज्यांच्याशी झालेल्या वादात लॉर्ड कर्झन यांना व्हाइसरॉयपद सोडावे लागले, तेच हे किचनेर. त्यांचा देह कधीच सापडला नाही. बाराजण वाचले, ७३७ जणांना जलसमाधी मिळाली. इतिहासाने किचनेर यांचे नाव लक्षात ठेवले. बॉयलरशी राबणारे खलाशी मात्र आकड्यातच राहिले.

ही नौका सुमारे ६५ ते ७० मीटर खोलीवर उलथी पडलेली आहे. तेथे पाण्याचा दाब पृष्ठभागावरील दाबाच्या सातआठ पट होतो. या दाबाखाली साध्या हवेतील नायट्रोजनने बुद्धी भ्रमते आणि प्राणवायूही विषवत होतो. म्हणून पाणबुड्यांना हेलियम मिसळलेला वायू घ्यावा लागतो. तळाशी काही मिनिटे घालविली, की वर येताना ठिकठिकाणी थांबत तासन् तास थंड पाण्यात काढावे लागतात. घाई केली, तर रक्तात वायूचे बुडबुडे होऊन मृत्यू ओढवतो. दीर्घकाळ ही खोली आणि हा गारठा हेच मृतांचे पहारेकरी होते. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषून तोच वायू पुन्हा वापरणाऱ्या यंत्रांमुळे आता हौशी, पण प्रशिक्षित पाणबुडेही तेथवर पोहोचू शकतात. निसर्गाचा पहारा उठला. त्याच्या जागी कोणता पहारा बसवावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

तो केवळ तात्त्विक नाही. १९८३ साली ‘हॅम्पशायर’चा एक पंखा वर काढण्यात आला. १९८६ मध्ये ब्रिटनने लष्करी अवशेषांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि २००२ मध्ये त्याखाली या नौकेवर परवान्याशिवाय बुडी मारण्यास मनाई झाली. मग ही दारे कायमची बंदच का ठेवू नयेत, असे कोणी विचारील. मृतांची शांतता मोडण्याचा अधिकार कुतूहलाला नाही, हा युक्तिवाद वजनदार आहे. परंतु अज्ञानाचाही मृतांना उपयोग नसतो. ‘हॅम्पशायर’भोवती घातपाताच्या आणि सोन्याच्या खजिन्याच्या कंड्या वर्षानुवर्षे पिकल्या. २०१६ मध्ये, शताब्दीच्या निमित्ताने, पाणबुड्यांच्या एका पथकाने रीतसर परवाना घेऊन तिची छायाचित्रे व मोजमापे घेतली. अशा नोंदीच कंड्यांना उत्तर देऊ शकतात. पाहावे, नोंदवावे, पण स्पर्श करू नये, हीच येथील मर्यादा होय.

ही मर्यादा न पाळल्यास काय होते, हे त्याच वर्षी जावाच्या समुद्रात दिसले. १९४२ च्या लढाईत शेकडो खलाशांसह बुडालेल्या ‘डी रॉयटर’ आणि ‘जावा’ या डच युद्धनौका तळावरून नाहीशा झाल्याचे २०१६ मध्ये आढळले. वाळूत उरले होते ते त्यांचे ठसे. भंगाराच्या भावासाठी ही कबर उचलली गेली, असेच मानले जाते. गंमत अशी, की कॅमेरा घेऊन येणाऱ्या पाणबुड्यांनीच ही चोरी उघडकीस आणली. जेथे कोणी पाहावयास जात नाही, तेथे चोराचे फावते.

हा प्रश्न परक्यांचाच आहे, असे मानण्याचे कारण नाही. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवच्या समुद्रात ‘खुकरी’ १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांसह बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. सागरतळावरील वारशाविषयीचा २००१ चा युनेस्कोचा करार निदान शंभर वर्षे पाण्याखाली राहिलेल्या अवशेषांपुरताच आहे. त्या हिशेबाने ‘खुकरी’ची पाळी २०७१ पर्यंत येत नाही. तंत्रज्ञान मात्र शतकपूर्तीची वाट पाहत बसणार नाही. मृतांना वय नसते. म्हणून त्यांच्या रक्षणाला वयाची अट असू नये. खोल पाण्यात उतरण्याचे सामर्थ्य माणसाने मिळविले आहे. तेथून रिकाम्या हाताने परतण्याचा संयम मिळविणे अद्याप बाकी आहे.