आधी भिंत, मग रंग



मागच्या शनिवारी शाळा सुटल्यावर चौथीतली एक मुलगी माझ्या टेबलापाशी घुटमळत उभी राहिली. म्हणाली, "बाई, भिंतीचे पोपडे का निघतात हो?"

"कुठल्या भिंतीचे?"

"आमच्याच. गेल्या दिवाळीला बाबांनी आणि दादानं घरीच रंग दिला. मजुरी वाचेल म्हणून. दोन दिवस खपले. आता हात लावला तरी पापडासारखा निघतो. बाबा म्हणतात, दुकानदारानं रंगच खोटा दिला."

मी तिला दोनच प्रश्न विचारले. आधी भिंतीला काय होतं? चुना. मग तो खरवडला होता का? "नाही बाई, झाडूनं झटकला." झालं! दुकानदार बिचारा सुटला. तुमच्याही घरी यंदा घरच्या घरी रंग द्यायचं चाललं असेल, तर आजचं पान आईबाबांनाही वाचायला द्या.

चुन्याची सफेदी भिंतीवर लावली की ती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि हळूहळू तिचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. दर वर्षी एक हात, त्यावर पुढच्या वर्षी आणखी एक. असे थर साचत जातात आणि वरचे थर भुसभुशीत होतात. बोट फिरवलं की बोट पांढरं! अशा भिंतीवर डिस्टेंपर दिला, तर तो भिंतीला चिकटतच नाही, त्या भुकटीला चिकटतो. सुकताना रंग थोडा आक्रसतो आणि भुकटीला घेऊन सुटून येतो. म्हणजे रंग चांगलाच होता, फक्त त्याला धरायला काही नव्हतं.

आपली भिंत कशी आहे, हे तुम्हीच तपासू शकता. चिकटपट्टीचा एक तुकडा भिंतीवर घट्ट दाबा आणि झटकन ओढा. पट्टीला पांढरी पूड किंवा रंगाचे तुकडे आले, तर ती भिंत खरवडायलाच हवी. खरवडून झालं की ओल्या फडक्यानं पुसायची आणि पूर्ण वाळू द्यायची. मग भेगा आणि खिळ्यांची भोकं लांबीनं बुजवायची. लांबी वाळली की पॉलिश पेपरनं घासायचं. (आमच्या गल्लीत सगळे त्याला 'पोलीस पेपर' म्हणतात. भिंतीला सरळ करतो, म्हणून असेल!) त्यानंतर अस्तराचा, म्हणजे प्रायमरचा एक हात. खरा रंग त्याच्यानंतर. नवशिके नेमकं हेच टाळतात, कारण यात काही 'दिसत' नाही. दोन दिवसांच्या कामातला दीड दिवस इथेच जातो, आणि तो जायलाच हवा.

दुसरा शत्रू म्हणजे ओल. पावसाळा संपतो न संपतो तोच दिवाळी येते आणि घाई होते. भिंत वरून कोरडी दिसते, पण आत पाणी असतं. ते बाहेर येताना रंगाला फुगे आणतं. त्यासाठी एक सोपा प्रयोग करा. फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बंद करा. एक दिवस तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर भिंत ओली आहे. ऑक्टोबरचं ऊन आणखी थोडं खाऊ द्या तिला. आणि वाट पाहूनही थेंब येतच असतील, तर कुठेतरी नळ गळतोय किंवा गच्ची झिरपतेय. ते दुरुस्त केल्याशिवाय कितीही भारी रंग लावा, पैसे पाण्यात!

आता आईबाबांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. घर जुनं असेल तर दारं-खिडक्यांच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्या देशात घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम 2016 साली झाला आणि तो 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचे थर तसेच दारावर बसलेले असतात. ते कोरडेच घासले की बारीक धूळ उडते. रांगणारी बाळं जमिनीवरचं सगळं तोंडात घालतात, आणि शिशानं लहान मुलांच्या मेंदूची वाढ बिघडते. म्हणून असा रंग पाणी मारून ओला करूनच घासा. खाली कागद पसरा, नंतर ओल्या फडक्यानं पुसा. जुना रंग जाळून काढू नका. ते काम संपेपर्यंत छोट्या भावंडांना आणि पोटुशी असलेल्या बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका.

रंग किती आणायचा? इथे पाचवीचं गणित उपयोगी पडतं. खोली 10 फूट बाय 12 फूट, उंची 9 फूट. चार भिंतींची मिळून लांबी 44 फूट. 44 गुणिले 9 म्हणजे 396 चौरस फूट. त्यातून 3 बाय 7 चं दार (21) आणि 4 बाय 4 ची खिडकी (16) वजा करा. उरले 359. एक लिटर रंग किती चौरस फुटांना पुरतो, ते डब्यावर लिहिलेलं असतं. समजा दोन हातांना मिळून 120 चौरस फूट. मग 3 लिटर लागेल, तोही अगदी काठोकाठ. तेव्हा 4 लिटरचा डबा घ्या. कमी पडला म्हणून नंतर आणलेल्या डब्याची छटा किंचित वेगळी निघू शकते, आणि ती बरोबर हॉलच्या मधोमध दिसते! डबे जास्त असतील तर सुरुवातीलाच एका बादलीत एकत्र करा. पुरवठ्याला यावा म्हणून भरमसाट पाणी मात्र घालू नका. जुना रंग खालून डोकावतो आणि तिसरा हात द्यावा लागतो.

छटा कागदावर पाहून ठरवू नका. चार खोल्यांची भिंत आणि बोटभर कागद, फरक पडणारच. थोडासा रंग भिंतीवर लावून तो सकाळी, संध्याकाळी आणि दिवा लावून बघा.

काम वरून खाली: आधी छत, मग भिंती, शेवटी दारं-खिडक्या. ब्रश एक तृतीयांशच बुडवायचा. एक भिंत सुरू केली की ती पुरी करूनच जेवायला उठायचं, नाहीतर सांधा दिसतो. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. खिडक्या उघड्या हव्यात. ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन चालू असताना जवळ शेगडी किंवा दिवा नको.

तुम्ही काय करायचं? मोजमाप, हिशेब, फरशीवर जुने पेपर अंथरणं, खालच्या भागाला रंग लावणं. शिडी मोठ्यांची, विजेच्या बटणांजवळचं काम मोठ्यांचं, तेही मेन स्विच बंद करून. कुणाकडे अजून कळीचा चुना भिजवत असतील तर लांबच राहा. तो पाण्यात रटरट उकळतो, आणि त्याचा थेंब डोळ्यात उडाला तर कायमची इजा होऊ शकते.

उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. वर चिठ्ठी चिकटवा: कंपनी, छटेचा क्रमांक, खोली, तारीख. चार महिन्यांनी सायकलचं हँडल घासून भिंतीवर ओरखडा उठला, की ती बरणीच शोधाल.