प्रवासी बालक आणि आपले उत्तरदायित्व

दसरा आटोपला की आमच्या भागातील गावे रिती होऊ लागतात. आष्टी, पाटोदा, धारूर या बीड जिल्ह्यातील तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत संसार भरून सांगली-कोल्हापूरकडे निघतात. सुमारे तीनशे किलोमीटरांच्या या प्रवासात भांडी, कोयते, शेळ्या यांबरोबर तान्ही मुलेही असतात. त्याच सुमारास पुण्या-मुंबईहून नोकरदार मुले-सुना नातवंडांना घेऊन दिवाळीसाठी गावी येतात. दोन्ही घरांतून आम्हा वैद्यांकडे एकच मागणी येते : ‘बाळ वाटेत शांत झोपेल असे काहीतरी द्या.’

या मागणीला आपण काय उत्तर देतो, याचा विचार व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आमचाच दोष सांगतो. काही वर्षांपूर्वी टोळीबरोबर निघालेल्या एका पित्याला आम्ही आठ महिन्यांच्या मुलासाठी जायफळ दिले व सहाणेवर एक वेढा पुरेसा आहे, असे सांगितले. प्रवास लांबला, मूल रडू लागले, आजीने ममतेपोटी पुन्हा पुन्हा उगाळून चाटवले. दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत मूल दूध ओढेना. तेथील रुग्णालयात त्याला दाखल करावे लागले. सुदैवाने ते वाचले. आम्हास हे कळले ते टोळी चैत्रात परतल्यावर. आजीने चूक केली असे आम्ही म्हणत नाही. जे द्रव्य अधिक मात्रेत विषासमान ठरते, ते मात्रेचे नियंत्रण नसलेल्या हाती दिले, ही चूक आमची होती.

क्षीराद बालकाची मात्रा सुश्रुताचार्यांनी बोटाच्या दोन पेरांना चिकटेल एवढीच सांगितली आहे. इतकी सूक्ष्म मात्रा धावत्या ट्रॉलीत कोण मोजणार? सर्दी-खोकल्याची सिरपे झोपेसाठी पाजण्याची प्रथाही तितकीच घातक आहे. क्लोरफेनिरामाइन व फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 साली दिला. अफूच्या गोळीने मुले निजवण्याचा काळ आपल्या पूर्वजांनी पाहिला आहे. तो वेगळ्या वेष्टनातून परत येऊ नये.

दुसरी बाजूही पाहू. वर्षाच्या आतील मूल घराबाहेर नेऊच नये, असा सल्ला आपल्यातील काही ज्येष्ठ देतात. त्यामागील काळजी आम्हास मान्य आहे. परंतु उचल घेतलेल्या जोडप्याला हा सल्ला निरुपयोगी आहे. शास्त्रानेही बालकाला कोंडून ठेवलेले नाही. चौथ्या महिन्यातील निष्क्रमण हा संस्कारच आहे. बाह्य जगाशी परिचय क्रमाने आणि जपून व्हावा, हा त्याचा आशय आम्ही मानतो. प्रवास टाळता येत नसेल तर तो सुसह्य करणे हेच वैद्याचे काम.

यात सर्वाधिक दुर्लक्षित राहते ती माता. वाटेत शौचाची सोय नाही म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही व मूत्रवेग रोखून धरते. चरकाचार्यांनी अधारणीय म्हणून सांगितलेल्या तेरा वेगांपैकी मूत्र, क्षुधा, तृष्णा आणि निद्रा असे चार वेग ती एका दिवसात धारण करते. भुकेल्या, श्रांत स्त्रीने स्तनपान देऊ नये, या सुश्रुतवचनाचा अर्थ बाळाला उपाशी ठेवा असा नव्हे; आधी आईला जेवू घाला, विश्रांती द्या, असा आहे. दर दोन-तीन तासांनी गाडी थांबवून आईला पाणी, पेज व आडोसा मिळावा, हे मुकादमाला व चालकाला सांगण्याचा अधिकार वैद्याच्या शब्दाला गावात आजही आहे. तो आपण वापरावा.

निदानाची एक बाबही नोंदवावीशी वाटते. दोन वर्षांखालील मुलाला ‘गाडी लागणे’ विरळाच आढळते. म्हणून तान्ह्याला वाटेत उलट्या झाल्या तर आल्याचा रस सुचवून मोकळे होऊ नये. ज्वर, अतिसार, टाळू खोल जाणे, लघवी कमी होणे, सुस्ती ही लक्षणे विचारावीत आणि ती असल्यास विनाविलंब रुग्णालयाची वाट दाखवावी. अतिसारात स्तनपान चालू ठेवून जलसंजीवनी द्यावी. तिची पाकिटे व ती किती पाण्यात कालवायची याची समज, या दोन्ही गोष्टी निघण्यापूर्वीच हाती पडाव्यात.

औषधालयचालक बंधुभगिनींना आमची सविनय सूचना आहे. ‘बाळाला प्रवासात झोपवण्याचे औषध येथे मिळत नाही’ अशी पाटी दसऱ्यापूर्वी दर्शनी भागी लावावी. एखादे गिऱ्हाईक परत जाईल, हे आम्ही जाणतो. मात्र त्याला रित्या हाताने पाठवू नये. जलसंजीवनीची पाकिटे द्यावीत आणि लसीकरणाचे कार्ड बरोबर घेतले का, एवढे विचारावे. संघटनेनेही टोळ्या निघतात त्या आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणी दोन दिवसांचे तपासणी शिबिर घ्यावे. खर्च फारसा नाही. आपली उपस्थिती तेवढी हवी.

रडणारे मूल गप्प करणे सोपे असते. ते का रडते हे विचारण्यासाठी लोक वैद्याकडे येतात, याचे विस्मरण आम्हास एकदा झाले होते. आपणांपैकी कोणास ते न होवो.