सोनारानेच टोचावेत, पण कोणत्या सुईने?

'सोनारानेच कान टोचावेत' ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याच अर्थाने वापरतो, म्हणून तिच्यातले साधे शहाणपण ध्यानात येत नाही. कानाला भोक कोणीही पाडील. ते जाणत्याकडूनच पाडून घ्यावे, असे ती सांगते. पण जाणता माणूसही हात न धुता कालचीच सुई घेऊन बसला, तर त्याच्या जाणतेपणाचा उपयोग काय?

हल्ली आमच्या वर्गात कोणाच्या मनगटावर आईचे नाव दिसते, कोणाच्या दंडावर राजमुद्रा. गोंदण आपल्याला नवे नाही. माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन आहे. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे वर बरोबर येते, असे ती म्हणते. तिच्या लहानपणी गोंदणारी एकाच सुयांच्या जुडग्याने साऱ्या वाडीला गोंदून जाई. "आम्हाला काय झालं?" हा आजीचा प्रश्न. कोणाला काही झाले असले तरी ते सुईमुळे, हे कळणार कसे? ब आणि क प्रकारची कावीळ शरीरात वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकते. ब काविळीचा विषाणू तर शरीराबाहेरही सात दिवस तग धरतो. तिच्यावर लस आहे. क वर अजून नाही. एचआयव्हीचे वेगळे सांगायला नको. सांगलीत 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून त्यावर काम करीत आहे.

आता जुडगे जाऊन मशीन आले. पालीची यात्रा असो की म्हसवडची, नक्षी निवडायला अर्धा तास, घासाघीस करायला पाव तास, आणि सुईबद्दल एक शब्द नाही! याचे कारण अज्ञान नव्हे, भीड आहे, असे मला वाटते. ज्या घरातून कॉलेजची पायरी प्रथमच कोणी चढते आहे, तिथे डॉक्टरला किंवा दुकानदाराला प्रश्न विचारणे हा उद्धटपणा समजतात. दुकान जितके चकचकीत, तितकी भीड अधिक. भिंतीवरच्या गुमास्ता परवान्याने दुकान नोंदलेले आहे एवढेच कळते, सुई स्वच्छ आहे हे नव्हे.

तेव्हा सरळ विचारावे. सुईचे बंद पाकीट माझ्यासमोर फोडणार का? शाई नव्या वाटीत ओतून उरलेली फेकणार का? हातमोजे नवे आहेत का? पुन्हा वापरायची हत्यारे दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशांवर, निदान पंधरा मिनिटे ठेवावी लागतात. स्पिरिटचा बोळा फिरवणे किंवा मेणबत्तीवर सुई धरणे म्हणजे ते नव्हे. टोचण्याची प्लॅस्टिकची बंदूक तर अशा वाफेत घालताच येत नाही, आणि कानाच्या वरच्या कूर्चेला तिचा दणका सोसत नाही. तिथली जखम भरायला महिनोन् महिने लागतात. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्या खुर्चीवरून उठावे.

भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मित्रांना वेगळे सांगते. मिलिटरी अपशिंग्याच्या या जिल्ह्यात हे कोणी बोलत कसे नाही, याचे नवल वाटते. सैन्यात कायमचे गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस आणि पंजाच्या मागच्या बाजूस एवढेच चालते. दंडावरची राजमुद्रा कितीही सुबक असली, तरी वैद्यकीय तपासणीत आड येते.

आणि रक्तदान शिबिरात नाव देणाऱ्यांनी गोंदल्याची किंवा टोचल्याची तारीख वहीत टिपून ठेवावी. पुढे वर्षभर रक्त घेत नाहीत.