दान कुणाच्या वाट्यातून?

मार्च आला की ऑफिसात सगळ्यांना दान आठवतं. पावती मिळेल ना, एवढाच प्रश्न! परवा एक मित्र म्हणाला, "नव्या करप्रणालीत ८०जी ची सूटच नाही, मग कशाला द्यायचं?" हसलो, पण चटकन उत्तर सुचलं नाही.

बायबलात एक गोष्ट आहे. श्रीमंत लोक मंदिराच्या पेटीत मोठ्या रकमा टाकतात, एक गरीब विधवा दोन छोटी नाणी टाकते. येशू म्हणतो, सगळ्यात जास्त तिनंच दिलं. म्हणजे हिशोब दिलेल्याचा नाही, मागे काय उरलं त्याचा. या हिशोबात आमच्या पावत्या शून्य.

पण मला इथे लक्ष्मीबाई टिळकही आठवतात. आमच्या शिरूर कासारला लागूनच नगर जिल्हा, आणि १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड टिळकांचं बरंच आयुष्य नगरला गेलं. माणूस मोठा उदार. घरात पैसा टिकेल तर शपथ! 'स्मृतिचित्रे' वाचताना त्यांच्याबद्दल आदर वाटतो, पण घर चालवणाऱ्या लक्ष्मीबाईंची दया येते. विधवेची नाणी तिची स्वतःची होती. इथे दान एकाचं, झळ दुसऱ्याला.

पौलानंही करिंथकरांना लिहिलंय: जुलमानं नको, मनात ठरवून द्या.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. नवा मोबाईल वर्षभर पुढे ढकलून गावाकडच्या एखाद्या ऊसतोड मजुराच्या मुलीची फी भरली, तर ते दान. घरच्यांना न विचारता किराण्याच्या पैशातून दिलं, तर तो नुसता मोठेपणा.

असो. मित्राला उत्तर देणं अजून बाकी आहे. पावती मिळणार नाही, हे आधीच सांगेन!